लेक व्ह्यू... पण कोणत्या महिन्यातला?

*डोंगर, तळं, बाल्कनी आणि हातात कॉफीचा मग! वीकेंड होमचं स्वप्न बुक करण्याआधी पवना, मुळशी आणि लवासा असा दोन दिवसांचा फेरफटका. तोही ऐन मे महिन्यात.*

ब्रोशरमधलं तळं कायम निळंशार असतं, बघितलंय कधी? मागे हिरवागार डोंगर, वर कापसासारखे ढग, आणि काचेच्या रेलिंगला टेकून उभं असलेलं एक हसरं जोडपं. खाली ठळक अक्षरांत 'रिसॉर्ट कॉन्डोमिनियम, माउंटन अँड लेक व्ह्यू'. आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून ज्याचा गुडघा दुखायला लागलाय, त्याने हे पान उलटावं तरी कसं?

आमच्या घरी अशी चार ब्रोशर्स साठली होती. मी आणि बायको दोघंही आयटीत. बाजूला टाकलेले दहा लाख रुपये, डोक्यावर आधीच पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता, आणि दर सोमवारी सकाळी 'आपलं पण एक हटके घर हवं यार' हा डायलॉग. शेवटी ठरवलं, कागदावर बघणं बास. गाडी काढायची आणि जाऊन यायचं.

लोक असली घरं बघायला पावसाळ्यात नाहीतर दिवाळीनंतर जातात. आम्ही मुद्दाम मे निवडला. कारण साधं आहे. पुण्याच्या पश्चिमेला आपण ज्यांना 'लेक' म्हणतो, ती तळी नाहीतच. ती धरणं आहेत. जुलै ते सप्टेंबर ती भरतात आणि पुढे जूनपर्यंत रिकामी होत जातात. आपण घेणार ते घर बारा महिन्यांचं. मग व्ह्यूसुद्धा बारा महिन्यांचा बघायला नको?

पवना : बाल्कनीतून दिसलेलं देऊळ

कामशेतला जुना हायवे सोडला, की पवनानगरपर्यंतचा रस्ता मस्त आहे. एका बाजूला लोहगड-विसापूरची जोडी, समोर तिकोन्याचा सुळका, पाण्यापलीकडे तुंग. यातला लोहगड जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी स्थापत्या'तल्या बारा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. माउंटन व्ह्यूच्या बाबतीत ब्रोशर एक अक्षरही खोटं बोललं नव्हतं.

साइटवर कडक इस्त्रीच्या शर्टातला सेल्सचा मुलगा तयारच होता. लिंबू सरबत झालं, स्केल मॉडेल झालं (त्यातलं तळंसुद्धा निळंच!), मग सॅम्पल फ्लॅट. वन बीएचके, चौथा मजला. त्याने थाटात पडदा सरकवला.

समोर तपकिरी पायऱ्या. धरणाचं पाणी उतरत जातं, तशा काठावर मातीच्या ओळी उमटतात, तशा शंभर ओळी असतील. त्याखाली भेगाळलेला गाळ, त्यावर चरणाऱ्या म्हशी, आणि बऱ्याच लांब पाण्याचा एक पट्टा.

"सर, ऑगस्टमध्ये या. पाणी त्या दगडापर्यंत असतं," तो घाईघाईने म्हणाला.

"आणि आत्ता ते काय दिसतंय?" बायकोने विचारलं. गाळातून काळ्या दगडाचं काहीतरी वर आलेलं होतं.

"ते... जुनं मंदिर आहे मॅडम. नंतर दिसत नाही."

ते वाघेश्वराचं हेमाडपंती देऊळ. वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात धरण उतरलं की बाहेर येतं. आम्ही सॅम्पल फ्लॅट तिथेच सोडला आणि चालत खाली गेलो. दगड न् दगड नुसता एकावर एक बसवलेला. भोवती मावळातली माणसं दर्शनाला आलेली, पोरं चिखलात क्रिकेट खेळत होती. इतक्या दिवसांत बघितलेल्या 'व्ह्यूज'मध्ये सगळ्यात भारी व्ह्यू हा, आणि कोणत्याही ब्रोशरमध्ये त्याचा फोटो नाही!

वर रस्त्यालगतच्या टपरीवर चहा घेताना तिथल्या मावशींशी गप्पा झाल्या.

"तुमचं गाव कुठलं मावशी?"

"हे काय, हितंच. सासऱ्याचं जुनं घर त्या खालच्या अंगाला. आता पाण्यात हाय." मावशी अगदी सहज बोलत होत्या. "तुमी फ्लॅट बघाया आलाय व्हय? बघा की. पर पाणी आमच्या हातात न्हाई न् तुमच्या बी न्हाई. ते पिंपरीचं हाय."

मावशींनी एका वाक्यात धरणाचा सगळा कारभार सांगितला. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं. हेच पाणी बंद पाइपलाइनमधून नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ ला एक्स्प्रेस-वेवर बऊरजवळ त्यांचं आंदोलन झालं, त्यावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. आपल्यासाठी जो नुसता 'व्ह्यू' आहे, त्याच्यासाठी इथे माणसं मेलीत. सरबत पिताना हे कुणी सांगत नाही. आणि बाल्कनीसमोरचं पाणी किती खाली जाणार, हे शहराची तहान ठरवते. बिल्डरच्या हातात ते नाही, सोसायटीच्याही नाही.

एका रात्रीचे किती?

पवनानगरला मिसळ खाताना टिश्यू पेपरवर हिशेब मांडला. तुम्हीही एकदा मांडा.

आम्ही बघितलेल्या फ्लॅटची किंमत ५० लाख. दहा लाख आपले, ४० लाखांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता येतो ३४ हजार ७०० च्या आसपास. मेंटेनन्स साडेचार हजार. म्हणजे महिन्याला ३९ हजार २००, वर्षाला चार लाख सत्तर हजार. बांधकाम चालू असलेल्या अशा घरावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे अडीच लाख वेगळे. मुद्रांक शुल्क वेगळं. आमच्या दहा लाखांत हे बसतच नव्हतं.

आता वापर. वर्षाचे बावन्न वीकेंड. त्यात लग्नं, गणपती, दिवाळी, आई-बाबांचे डॉक्टर, रिलीज आणि 'शनिवारी जरा लॉग-इन करशील का?' वजा केले, तर फार उदार मनाने वीस वीकेंड मिळतात. चाळीस रात्री. चार लाख सत्तर हजार भागिले चाळीस... एका रात्रीचे ११ हजार ७५०! एवढ्यात लोणावळ्याच्या चांगल्या रिसॉर्टमध्ये राहा, सकाळी पोहे-इडली खा, वर चादरीही दुसऱ्याच कुणीतरी बदलेल.

यावर सेल्सवाल्याकडे उत्तर तयार असतं. 'सर, आम्ही रेंटलला देऊ ना!' रिसॉर्ट कॉन्डोमिनियमचा हाच तर फंडा. फ्लॅट तुमच्या नावावर, चालवणार हॉटेल कंपनी, वर्षातल्या ठरावीक रात्री तुम्हाला फुकट आणि उरलेल्या दिवसांच्या भाड्यात वाटा. आयडिया वाईट नाही. पण तीन प्रश्न विचारा. भाड्याची हमी लेखी आहे का, आणि ती बिल्डरची की चालवणाऱ्या कंपनीची? खर्च आधी वजा होणार की वाटा आधी? आणि तुमच्या फुकट रात्रींमध्ये पावसाळी लाँग वीकेंड आणि थर्टी फर्स्ट येतात का? आमच्या इथे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' होतं. म्हणजे ऑगस्टमधलं निळं तळं पाहुण्यांना, आणि मे महिन्यातल्या म्हशी आम्हाला!

मुळशी : पाणी घाट उतरून जातं

दुसऱ्या दिवशी पौड मार्गे मुळशी गाठलं. इथे तुलनेने पाणी बरं होतं, झाडीही दाट. ताम्हिणीच्या दिशेने जावं तसा रस्ता इतका सुंदर होत जातो, की बायको म्हणाली, "इथेच घेऊया, विषय संपव."

पण या तळ्याचीही गोष्ट आहे. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर टाटांनी वीजनिर्मितीसाठी हे धरण बांधायला घेतलं, तेव्हा मावळ्यांनी आपल्या जमिनींसाठी सत्याग्रह केला. साल १९२१, महिना एप्रिल. पुढे पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे नेते झाले आणि 'सेनापती' म्हणून ओळखले गेले. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी उभारलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांमध्ये याची गणना होते. लढा हरला, धरण झालं, गावं गेली.

पाणीही पुण्याकडे येत नाही. ते बोगद्यातून सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं आणि मग कुंडलिकेत. कोलाडला ऑफिसच्या टीमबरोबर राफ्टिंग केलंय? तुमच्या राफ्टखालचं पाणी मुळशीचं होतं!

सांगायचा मुद्दा एवढाच, की इथल्या प्रत्येक तळ्याला मालक आहे आणि काम आहे. कुणी वीज करतं, कुणी शहराला पाजतं. त्या कामातून उरलेल्या वेळात ते आपल्याला व्ह्यू देतं. घेताना हे माहीत असलं, की मे महिन्यात चिडचिड होत नाही.

लवासा : इटली, पण मोसे खोऱ्यातलं

परत येताना पिरंगुटला उजवीकडे वळलो. उरवडे, मुठा गाव, टेमघर धरण, मग घाट आणि लवासाची कमान. पुण्याहून साधारण ६० किलोमीटर. दासवे गावच्या जागी इटलीतल्या पोर्तोफिनोवरून बेतलेला प्रोमनेड, पिवळ्या-केशरी-विटकरी रंगांच्या इमारती, छोट्या बाल्कन्या. बंधारा घालून अडवलेलं पाणी मे महिन्यातही समोर होतं. फोटोला जागा एक नंबर!

चार पावलं आत शिरलात, की दुसरं लवासा दिसतं. अर्ध्यावर थांबलेले सांगाडे, गजातून उगवलेली झाडं, बंद शटर्स. दोन हजारच्या दशकात 'स्वतंत्र भारतातलं पहिलं नियोजित हिल स्टेशन' म्हणून याचा गाजावाजा झाला होता. तेव्हाच्या तरुण नोकरदारांसाठी इथला फ्लॅट म्हणजे स्टेटस होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावलं. नोव्हेंबर २०११ मध्ये अटींसह मंजुरी मिळाली, पण वर्ष गेलं ते गेलंच, वर कर्जाचा डोंगर. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने १,८१४ कोटींची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. तिच्यात घरांचा ताबा मिळणार होता पर्यावरण मंजुरीनंतर पाच वर्षांत. तीही योजना अमलात आली नाही आणि २०२४ मध्ये ती मंजुरी मागे घेतली गेली.

जरा विचार करा. २००९-१० मध्ये पंचविशीत-तिशीत ज्याने इथे पैसे भरले, तो आता चाळिशी ओलांडून बसलाय.

आणि डोंगराचं काय? जुलै २०२४ मधल्या तुफान पावसात लवासात बंगल्यांवर दरड कोसळली. माउंटन व्ह्यू पाहिजे म्हणून डोंगराच्या किती जवळ जायचं, याचंही एक माप असतं. घराच्या मागे उतार कापलाय का, पाणी वाहून जायला वाट ठेवलीय का, हे बघायला इंजिनिअर असायची गरज नाही. मागच्या बाजूला एक चक्कर मारली तरी पुरते.

लवासाच्या पुढे पसरलंय ते वरसगावचं धरण, म्हणजेच वीर बाजी पासलकर जलाशय. शिवाजी महाराजांचे हे सहकारी याच मोसे खोऱ्यातले. हे पाणी खडकवासला साखळीतून पुण्याच्या नळाला येतं. म्हणजे पुण्यात आपण शॉवरखाली दहा मिनिटं जास्त उभे राहिलो, की इथल्या कुणाच्या तरी बाल्कनीतला लेक तेवढा खाली जातो!

'कॉन्डो' म्हणजे नक्की काय हो?

हा शब्द ऐकला की मायामी वगैरे आठवतं. पण महाराष्ट्रात त्याला पक्का कायदा आहे, महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७०. गृहनिर्माण सोसायटीत जागा सोसायटीच्या नावावर होते आणि आपण सभासद असतो. कॉन्डोमिनियममध्ये प्रत्येकाचा फ्लॅट स्वतःचा आणि जमीन, जिने, क्लबहाउस, पूल यांत प्रत्येकाचा ठरलेला अविभाज्य हिस्सा. हे सगळं ज्या कागदात लिहिलेलं असतं त्याचं नाव 'डीड ऑफ डिक्लरेशन'. पूल आणि क्लबहाउस त्यात आहेत की बिल्डरने स्वतःकडे ठेवलेत, हे तिथेच कळतं. रिसॉर्ट प्रोजेक्टमध्ये तर हा कागद सॅम्पल फ्लॅटपेक्षा जास्त बारकाईने बघायचा.

आणि एक गोष्ट कोणत्याच कागदात नसते, ती म्हणजे व्ह्यू. आम्ही करारनाम्याचा मसुदा मागून घेतला. त्यात कार्पेट एरिया होता, टाइल्सचा ब्रँड होता, लिफ्टची कंपनी होती. तळं नव्हतं. समोरच्या प्लॉटवर उद्या सात मजले उठले तर काय, याचंही उत्तर नव्हतं. 'लेक व्ह्यू'साठी स्क्वेअर फुटामागे जास्तीचे पैसे मात्र स्वच्छ लिहिलेले होते.

मग घ्यायचं की नाही?

परतीच्या वाटेवर चांदणी चौकापर्यंत आम्ही दोघं यावरच बोलत होतो. बायको कथक करते. दोन-तीन वर्षांत नोकरी सोडून स्वतःचा क्लास सुरू करायचा तिचा प्लॅन आहे. तिने एकच प्रश्न विचारला, "हा हप्ता सुरू झाल्यावर माझा क्लास कधी सुरू होणार?"

वीस वर्षांच्या हप्त्याचं उत्तर सोपं आहे. नाही होणार. दोन पगार लागतील, दोन्ही चालू लागतील. ऑफिसपासून लांब पळायला घेतलेलं घर आम्हा दोघांना ऑफिसातच बसवून ठेवणार होतं. ब्रोशरमधल्या त्या हसऱ्या जोडप्याला बहुतेक ईएमआय नसावा.

म्हणून आम्ही त्या आठवड्यात बुकिंग केलं नाही. दहा लाख आहेत तिथेच आहेत, आणि त्यांच्यावर आता क्लासच्या जागेचा पहिला हक्क आहे. स्वप्न मोडीत काढलं असंही नाही. पुढेमागे घेतलंच तर तयार, लोक राहत असलेलं, रीसेलचं छोटं घर घेऊ, कर्ज पाच-सात वर्षांत फिटेल एवढंच. आणि खिडकीतून किल्ला दिसेल असं. तिकोना मे महिन्यात खाली उतरत नाही! तोपर्यंत दर सीझनला एक वीकेंड भाड्याने राहायचं ठरवलंय. पुढचा नंबर जुलैचा. धुक्यात चार-चार दिवस काहीच दिसत नाही आणि भिंतींना बुरशी येते, असं चहावाल्या मावशी म्हणाल्यात. तेही बघून येऊ.

तुम्ही बघायला जाताय?

• एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत जा. दोन्ही वेळा घर आवडलं, तर पुढचं बोला.

• महारेराच्या वेबसाइटवर प्रोजेक्टचा नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख, मंजुऱ्या आणि कोर्टकज्जे बघा. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही.

• जमीन एनए आहे का, धरणाची पूर्ण संचय पातळी आणि जलसंपदा खात्याची हद्द कुठे येते, हे वकिलाकडून तपासून घ्या.

• आधीपासून राहणाऱ्यांना गाठा. उन्हाळ्यात टँकर किती येतात आणि पावसात वीज किती दिवस जाते, हे वॉचमनला विचारलं तरी कळतं.

• पवनेला मे महिन्यात गेलात तर वाघेश्वराचं देऊळ चुकवू नका. गाळात पाय रुततात, जुनी चप्पल घाला. आणि वर येऊन चहा घ्याच!